अख्खा बिल्ला : ट्रंकेतून निघालेलं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्याकडे आलं ते जेवणाच्या डब्यातून. 2024 चा पावसाळा होता. नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात कामाला असलेला तिशीतला मुलगा मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या माझ्या वकिलीच्या ऑफिसात आला, छत्री दाराशी उभी केली, पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, आधी हे बघा, मग सांगतो." माजी सैनिकांच्या घरची माणसं माझ्याकडे येतात ती पेन्शनसाठी, फार तर वारस दाखल्यासाठी. डब्यात कागदपत्रं असतील असं मला वाटलं. निघाला एक धातूचा बिल्ला, काळ्या दोरीत ओवलेला. त्याखाली उर्दूत लिहिलेला एक घडीचा कागद आणि एक छोटा फोटो, निम्मा चेहरा ओलीने गेलेला.

बिल्ला पाकिस्तानी सैनिकाचा होता.

कुटुंबाच्या संमतीने हे लिहिते आहे. नावं, गाव, पलटण यांतलं काही बदललेलं नाही, सरळ गाळलं आहे. बिल्ल्यावरचं नाव आणि क्रमांकही गाळला आहे, त्याचं कारण पुढे येईल.

घडलं काय

मुलाचे वडील निफाड तालुक्यातले. घरात त्यांना अण्णा म्हणत. 1982 साली तोफखान्यात भरती झाले, नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात शिकले आणि रेडिओ ऑपरेटर झाले. आमच्याकडे ही गोष्ट नवलाची नाही. देवळालीच्या रेंजवर तोफा सुरू झाल्या की आसपासच्या गावांत म्हातारी माणसं वर न बघताच म्हणतात, "प्रॅक्टिस चाललीय." कित्येक घरांत एक तरी माणूस गनर असतो.

1999 च्या उन्हाळ्यात अण्णांची रेजिमेंट कारगिलला गेली. तोफा तर कित्येक किलोमीटर मागे असतात, मग तोफखान्याचा माणूस शत्रूच्या मृतदेहापर्यंत पोचला कसा, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर मुलाला पाठ होतं. पायदळाबरोबर तोफखान्याची एक छोटी तुकडी वर चढते, तिला ओपी पार्टी म्हणतात. एक अधिकारी आणि त्याच्याबरोबर रेडिओ पाठीवर घेतलेले एक-दोन जवान. गोळे कुठे पडताहेत ते बघून मागे कळवणं हे त्यांचं काम. अण्णा त्यात होते.

एका रात्रीच्या चढाईनंतर पहाटे ते एका बंकरपाशी पोचले. आत आणि बाहेर मेलेली माणसं होती. साहेबांचा हुकूम होता की अंगावरचे कागद जमा करा. त्या दिवसांत त्या हुकुमाला फार महत्त्व होतं. वर बसलेले आमचे सैनिक नव्हेतच, ते मुजाहिदीन आहेत, अशी पाकिस्तानची भूमिका होती. पे-बुक (सैनिकाची पगाराची नोंदवही), ओळखपत्र, घरून आलेलं पत्र यांतून ती खोटी ठरत होती. एका मृतदेहाची झडती अण्णांनी घेतली. पे-बुक साहेबांच्या हातात दिलं. बिल्ला, पत्र आणि फोटो स्वतःच्या जॅकेटमध्ये घातला.

देहाचं पुढे काय झालं तेही त्यांनी बायकोला सांगून ठेवलं होतं. तिथे खणता येत नव्हतं. दगड रचून पुरलं. तुकडीत एक मुसलमान जवान होता, त्याने दुवा म्हटली. बाकीचे टोपी काढून उभे राहिले. अण्णाही.

मग बिल्ला का घेतला? "तेव्हा राग होता," एवढंच ते म्हणाले होते. रागाला कारण होतं. 9 जूनला कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या पाच जवानांचे देह पाकिस्तानने परत केले होते आणि ते कोणत्या अवस्थेत आले हे खालपासून वरपर्यंत प्रत्येक जवानाला कळलं होतं. त्यात अण्णांच्या बॅटरीतला, म्हणजे तोफखान्याच्या तुकडीतला, एकाच ताटात जेवणारा मित्र गोळ्याच्या छर्ऱ्याने गेला होता. घरी दाखवायला काहीतरी हवं, असं त्या पहाटे त्यांना वाटलं असणार. पण घरी आल्यावर त्यांनी ते कुणालाच दाखवलं नाही. पंचवीस वर्षं काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या गणवेशाखाली, ते तसंच पडून राहिलं. फक्त बायकोला माहीत होतं.

दहाव्याचा कावळा

मुलाने पुढे जे सांगितलं ते कायद्याच्या दृष्टीने निरुपयोगी आहे, पण ते वगळलं तर हे लोक माझ्याकडे आले का हे कळणार नाही.

अण्णांचा दहावा रामकुंडावर झाला. पिंड ठेवला, कावळा शिवेना. मेहुण्याने सांगितलं, जमिनीची वाटणी नीट करू. नाही. भावाने सांगितलं, धाकटीचं लग्न मी बघतो. नाही. अर्धा तास झाला, गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला दर्भ हातात घेतला. तेव्हा आई पुढे झाली आणि हळूच म्हणाली, "त्या पोराचं सामान त्याच्या घरी पोचवू." कावळा आला.

रामकुंडावरचे कावळे पोटभरल्यामुळे आळशी झालेले असतात असं माझं मत आहे आणि ते मी मुलाला सांगितलंही. तो हसला. म्हणाला, "मॅडम, कावळा कधी का शिवेना. आईने शब्द दिलाय."

माझा पहिला सल्ला

तो चुकीचा होता. तो इथे लिहून ठेवणं मला भाग आहे.

मी वकिली हिशेब केला. शत्रुराष्ट्राच्या सैनिकाची वस्तू, सीमेपलीकडे पाठवायचा विचार, घरात तरुण मुलगा, नोकरी खासगी. उद्या कुणी विचारलं की पाकिस्तानात कुणाशी पत्रव्यवहार चालला आहे, तर नसत्या चौकशा मागे लागतील. म्हणून मी म्हणाले, अण्णांच्या अस्थी गंगेत सोडल्या ना, मग हेही सन्मानाने गंगेत सोडा. दोन फुलं वाहा, विषय संपवा. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, बाहेरच्या वाचकांसाठी सांगते.)

दुसऱ्या दिवशी आई स्वतः आली. खुर्चीच्या कडेवर बसली. "ताई, ज्याची हाडं तिकडं दगडाखाली, त्याचं नाव इथं बुडवायचं?"

मी जिनिव्हा करार परत उघडला तो या वाक्यामुळे. कॉलेजात वाचला होता, परीक्षेपुरता.

करारात काय आहे

1949 च्या पहिल्या जिनिव्हा करारात मेलेल्या शत्रूविषयी तीन कलमं आहेत, 15, 16 आणि 17. भारताने हे करार 1950 मध्येच स्वीकारले, पाकिस्ताननेही स्वीकारले आहेत. कलम 15 सांगतं की चकमकीनंतर विनाविलंब मृतांचा शोध घ्या आणि त्यांच्या अंगावरचं काही लुटलं जाणार नाही याची काळजी घ्या. कलम 17 पुरण्याविषयी आहे: शक्यतो प्रत्येकाला वेगळं पुरा, आधी देह तपासा, त्याच्या धर्माप्रमाणे विधी करा, दहन करायचं तर स्वच्छतेच्या अटळ कारणासाठी किंवा मृताच्या धर्मामुळेच, थडग्यावर खूण ठेवा म्हणजे पुढे सापडेल.

मला खिळवून ठेवलं ते मधल्या 16 ने. त्यात भावना कुठेच नाही. एखाद्या कारकुनाने लिहिल्यासारखं ते आहे. मृत कोणत्या देशाचा, त्याचा लष्करी क्रमांक, आडनाव, नाव, जन्मतारीख, बिल्ल्यावरचा इतर मजकूर, मृत्यूची तारीख आणि जागा, मृत्यूचं कारण. हे सगळं लिहा. दुहेरी बिल्ल्याचा अर्धा भाग, मृत्युपत्र, पैसे आणि ज्याला बाजारात किंवा मनात किंमत आहे अशी प्रत्येक वस्तू बंद पाकिटात घाला, आत काय काय आहे त्याची पूर्ण यादी जोडा आणि पाठवा. ज्याची ओळख पटली नाही त्याच्याही वस्तू पाठवा.

आणि कलम 17 मध्ये एक ओळ आहे, सहज नजरेतून सुटेल अशी. बिल्ला दुहेरी असेल तर अर्धा देहावरच राहू द्या, एकेरी असेल तर अख्खा देहावर राहू द्या.

डब्यातला बिल्ला अख्खा होता, दोरीसकट. ही दोरी गळ्यातून काढली तेव्हा अण्णांनी चार आण्याचा पत्रा घेतला नव्हता. त्या दगडांखालच्या माणसाचं नाव घेतलं होतं. पे-बुक वर गेलं, पुरावा म्हणून वापरलं गेलं असेल, पण कोणत्या ढिगाखाली कोण, हे सांगणारी एकच वस्तू होती आणि ती निफाडला येऊन पोचली. विधी झाला होता, दुवा म्हटली गेली होती, टोप्या काढल्या होत्या. आदराचं सगळं झालं होतं, नोंदीचं राहिलं होतं. शत्रूच्या मृतदेहाचा मान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सलामी आणि थडगं येतं. मला आता वाटतं, तो मान मुख्यतः कागदावर असतो.

"अण्णा गुन्हेगार होते का?"

मुलाने हे तिसऱ्या भेटीत विचारलं, आई बाहेर पाणी प्यायला गेली तेव्हा.

मी त्याला कोर्टाचं उत्तर आधी दिलं. आपल्याकडे जिनिव्हा करार अधिनियम, 1960 आहे, पण तो शिक्षा सांगतो ती करारांच्या गंभीर उल्लंघनांना: जाणूनबुजून ठार मारणं, छळ, अशा गोष्टी. मृताच्या अंगावरची वस्तू घेणं त्या यादीत नाही. भारतीय दंड संहितेत तेव्हा कलम 404 होतं, मृत्यूच्या वेळी मृताजवळ असलेल्या मालमत्तेचा अपहार. आता ते भारतीय न्याय संहितेत 315 वर आहे. मुलकी गुन्हेही लष्करी न्यायालयापुढे चालतात, त्यामुळे रस्ता होता, पण अप्रामाणिक हेतू सिद्ध करावा लागला असता आणि बिल्ल्याच्या बाबतीत ते अवघडच. सरळ लागू झालं असतं ते सैनिकी अधिनियम, 1950 चं कलम 63, शिस्तीला बाधक वर्तन. त्यालाही खटल्याची मुदत साधारण तीन वर्षांची. आणि आता माणूसच नाही. फौजदारी जबाबदारी माणसाबरोबर चितेवर जाते. तेव्हा कोर्टापुरतं उत्तर असं की काही नाही.

तो गप्प बसला. हे उत्तर घ्यायला तो आला नव्हता.

मग मी विचार केला तो वरच्यांचा. कागद गोळा करा असा हुकूम होता. पण गोळा झालेल्या कागदाची यादी त्या बंकरपाशी कुणी केली का? बिल्ला कुठे आहे हे साहेबांनी विचारलं का? करारातलं कर्तव्य युद्ध करणाऱ्या राष्ट्रांवर आहे आणि राष्ट्र नावाची वस्तू सोळा हजार फुटांवर दिसत नाही. तिथे असतो एक थकलेला अधिकारी आणि एक चिडलेला रेडिओ ऑपरेटर. डोक्यावरून गोळे जात असताना आठ रकाने भरायला बसा असं मी माझ्या पंख्याखालून सांगणं सोपं आहे, हे मला कळतं. करारालाही कळतं, म्हणून तो शक्य ते सर्व उपाय आणि शक्य तितक्या लवकर अशी भाषा वापरतो. पण दोन दिवसांनी? आठवड्याने? रेजिमेंट खाली आल्यावर कुणी एकदा जरी म्हटलं असतं, "ज्याच्याजवळ काही असेल त्याने आणून द्या, विचारणार नाही," तर माझी खात्री आहे अण्णांनी दिलं असतं. माणूस पंचवीस वर्षं एखादी गोष्ट लपवतो ती बहुधा अभिमानाने नाही. मुलाला मी हेच सांगितलं. चूक त्यांची होती, एकट्याची नव्हती.

त्याच डोंगरांत, त्याच युद्धात

याच्या उलटं उदाहरण फार दूर शोधावं लागत नाही. टायगर हिलच्या लढाईत पाकिस्तानच्या 12 नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीचे कॅप्टन कर्नल शेर खान मारले गेले. (कर्नल हे त्यांचं नाव, हुद्दा नव्हे.) 192 माउंटन ब्रिगेडचे कमांडर ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्यांचा देह खाली आणवला आणि परत पाठवताना खिशात एक चिठ्ठी ठेवली: हा अधिकारी फार शौर्याने लढला, त्याला त्याचं श्रेय मिळायला हवं. देह रेडक्रॉसमार्फत गेला. पाकिस्तानने त्यांना निशान-ए-हैदर हा आपला सर्वोच्च शौर्यसन्मान दिला.

ही गोष्ट आपल्याकडे दिलदारीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला त्यातली चिठ्ठी जास्त महत्त्वाची वाटते. नाव, पलटण, काय केलं, खाली सही. ज्या सैन्याने आपलीच माणसं नाकारली होती, त्याला त्या खिशातल्या कागदाने ती स्वीकारायला लावली. 1971 मध्ये बसंतर नदीच्या लढाईतही असं घडलं होतं. 3 ग्रेनेडियर्सचे लेफ्टनंट कर्नल व्ही. पी. एअरी यांनी समोरच्या 35 फ्रंटियर फोर्सचे लेफ्टनंट कर्नल अक्रम राजा यांच्या शौर्याची लेखी दखल घेतली आणि पाकिस्तानने राजा यांना हिलाल-ए-जुरत हा शौर्यसन्मान दिला.

पण हे अधिकारी होते. नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीचे साधे जवान गिलगिट-बाल्टिस्तानातल्या गरीब घरांतले, तेव्हा ती नियमित सैन्यातही धरली जात नव्हती. युद्धानंतर तिला रेजिमेंटचा दर्जा मिळाला. पाकिस्तानी लष्कराने कारगिलमध्ये मेलेल्या 453 जणांची नावं आपल्या संकेतस्थळावर टाकली ती 2010 मध्ये, अकरा वर्षांनी. तोवर त्या घरांनी काय धरून ठेवलं असेल याची कल्पना आपल्याला करता यावी. 1971 चे आपले 54 जण अजून बेपत्ता आहेत आणि त्यांतल्या कित्येकांचे आईबाप वाट बघतच गेले.

मुलाने ती 453 ची यादी मोबाइलवर शोधायला घेतली होती. नाव जुळलं तर फेसबुकवर गाव शोधू, म्हणाला. मी त्याला थांबवलं, आणि इथेही नाव छापत नाही ते त्याच कारणाने. समजा नाव जुळलं आणि माणूस दुसराच निघाला. पंचवीस वर्षांनी एका अनोळखी हिंदुस्थानी माणसाचा मेसेज एखाद्या म्हातारीच्या नातवाला जातो, सोबत बिल्ल्याचा फोटो. हे काम आपलं नाही. ओळख पटवणं ज्यांचं काम आहे त्यांनीच ते करावं.

मामांचा आक्षेप

घरात सगळे एकमताचे नव्हते. पंचवटीत राहणारे मामा तावातावाने आले. "त्यांनी कालियाचं काय केलं? 2013 ला हेमराजचं काय केलं? आणि आपण त्यांच्या बिल्ल्याला पार्सल करायचं?" (लान्स नायक हेमराज यांचा 2013 मध्ये नियंत्रण रेषेवर शिरच्छेद झाला होता.)

कायद्याचं उत्तर एका ओळीचं आहे. चारही जिनिव्हा करारांचं पहिलं कलम सांगतं की करार सर्व परिस्थितीत पाळायचा; समोरचा पाळत असेल तरच, अशी अट त्यात नाही. मामांना ते पटलं नाही. त्यांचं खरं भांडण वेगळं होतं. या सगळ्यात अण्णांचं नाव खराब होईल, ही त्यांची भीती होती.

मग मामाच म्हणाले, तसं शास्त्रात आहेच, "मरणान्तानि वैराणि", वैर मरणापर्यंतच. पंचवटीत राहून हे ठाऊक नसेल तर नवल. पण तो श्लोक आपण पहिल्या तुकड्यावरच सोडतो. पुढे राम बिभीषणाला सांगतो, "क्रियतामस्य संस्कारः", याचे संस्कार कर. बिभीषण आधी नको म्हणत होता, आणि तरी राम ते काम भावाकडेच सोपवतो. आपण वैर संपवायचं आणि देह त्याच्या माणसाकडे द्यायचा, असे दोन वेगळे भाग त्यात आहेत. मामांनी मान हलवली की डुलकी घेतली ते मला नक्की सांगता येणार नाही, पण नंतर ते आले ते सही करायला, साक्षीदार म्हणून.

पत्र

पत्र वाचायचं की नाही यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. मला ते वाचायला हवं होतं. त्यात लष्करी मजकूर असेल तर मार्ग बदलतो. आई म्हणाली, "दुसऱ्याचं पत्र वाचत नसतात." पंचवीस वर्षं घरात असून तिने ते कुणाकडून वाचून घेतलं नव्हतं. अण्णांनाही उर्दू येत नव्हतं.

मधला तोडगा असा काढला की मालेगावच्या उर्दू शाळेतल्या एका निवृत्त गुरुजींना ते एकट्यालाच दाखवायचं आणि एवढंच विचारायचं: घरचं आहे की कामाचं? गुरुजींनी चष्मा लावला, वरच्या दोन ओळी पाहिल्या, खालची सही पाहिली आणि घडी घातली. "घरचं आहे," म्हणाले. चहा न घेता गेले.

सोपवणं

शेवटी मार्ग साधाच निघाला, सुरुवातीलाच सुचायला हवा होता असा. वस्तू लष्कराकडे जमा करायच्या. अर्जात करारातल्या कलम 16 चा उल्लेख करून विनंती करायची की या रेडक्रॉसच्या शोध संस्थेमार्फत मृताच्या देशाकडे पाठवाव्यात. वस्तू कशा मिळाल्या याचं आईचं प्रतिज्ञापत्र जोडायचं, जे घडलं ते जसंच्या तसं, "राग होता" या शब्दांसकट. शक्य तितकं सांगितलं तर ती जागा, तो बंकर, तो ढीग अजूनही कागदावर येऊ शकतो. अण्णांनी सांगितलेली डोंगराची खूण मुलाच्या लक्षात होती, तीही लिहिली.

लष्कराच्या ज्या कार्यालयात आम्ही गेलो तिथल्या कारकुनाला असा अर्ज पहिल्यांदाच आला होता. त्याच्या रजिस्टरमध्ये "मालकाचे नाव" असा रकाना होता. त्याने पेन धरून माझ्याकडे बघितलं, मी आईकडे बघितलं. आईने बिल्ल्याकडे बोट दाखवलं. त्याने अक्षरं लावत लावत ते नाव लिहिलं, पुढे क्रमांक लिहिला आणि वरच्या साहेबांची सही, शिक्का आणून पोच दिली. उत्तर हे लिहीपर्यंत आलेलं नाही.

पाकिटातल्या वस्तूंची यादी आदल्या रात्री आम्ही माझ्या ऑफिसात केली होती. मी लिहिलं: 1. धातूचा ओळखबिल्ला, एक. 2. उर्दू पत्र, एक पान, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. 3. छायाचित्र, एक, खराब झालेलं. मी खाली रेघ मारली. आई म्हणाली, दोरी राहिली. मी म्हटलं, मावशी, दोरी बिल्ल्यातच धरतात. ती म्हणाली, गाठ कुणीतरी घातली असेल ना त्याच्या घरी. मग मी रेघ खोडली आणि लिहिलं: 4. काळी दोरी, एक, गाठ असलेली.